पहिल्या फेरीआधीची गोळाबेरीज

६ जून १९८४ च्या सकाळी वॉल्टर माँडेल फोनला चिकटून बसले होते. आदल्या दिवशी अमेरिकेतल्या प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या, निवडणुकांचा शेवटचा मोठा टप्पा पार पडला होता आणि कॅलिफोर्निया त्यांचे प्रतिस्पर्धी गॅरी हार्ट यांनी खेचून नेलं होतं. डेमोक्रॅटिक पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळवायला अधिवेशनात १,९६७ प्रतिनिधी लागत होते, माँडेल यांना सुमारे ४० कमी पडत होते. बाराला एक मिनिट असताना बहुमत जाहीर करू, असा शब्द मात्र ते देऊन बसले होते. तीन तासांत त्यांनी पन्नासेक फोन केले. पलीकडे होते खासदार, पक्षाचे पदाधिकारी, राष्ट्रीय समितीचे सदस्य. त्यांच्या मताला प्रायमरीच्या निकालाचं बंधन नव्हतं. दुपारपर्यंत आकडा पुरा झाला.

हेच ते सुपरडेलिगेट. १९८४ साली ते पहिल्यांदाच मैदानात होते.

त्यामागे एक जुनी जखम होती. १९७२ मध्ये प्रायमरीतल्या उत्साही कार्यकर्त्यांच्या जोरावर जॉर्ज मॅकगव्हर्न उमेदवार झाले आणि ४९ राज्यांत हरले. निवडून आलेल्या नेत्यांना अधिवेशनात जागाच उरलेली नाही, ही कुरकुर वाढत गेली. अखेर नॉर्थ कॅरोलायनाचे गव्हर्नर जिम हंट यांच्या आयोगाने नेत्यांना पदसिद्ध जागा मिळवून दिल्या. कोण निवडून येईल हे मुरलेल्या राजकारण्यांना कळतं, हा त्यामागचा विश्वास. पण माँडेल यांनीही १९८४ च्या नोव्हेंबरात ४९ राज्यं गमावली.

अशा प्रतिनिधीला वळवणं हे चिकाटीचं काम आहे. मागच्या वेळी फोन कोणी केला, काय उत्तर आलं, त्याच्या मतदारसंघात कौल कुणाला मिळाला, कुणाचा शब्द तो मोडणार नाही, हे सगळं टिपून ठेवावं लागतं. २००८ मध्ये हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा यांच्यात अटीतटीची लढत झाली आणि आठशेवर सुपरडेलिगेटांचा भाव वधारला. विस्कॉन्सिनमध्ये कॉलेजात शिकणारा एकवीस वर्षांचा एक मुलगा राष्ट्रीय समितीवर होता. त्याच्यासोबत चेल्सी क्लिंटन यांनी नाश्ता केला, खुद्द बिल क्लिंटन यांनी त्याला फोन केला. तरी तो शेवटी ओबामांकडे गेला. जॉर्जियाचे खासदार जॉन लुइस यांची ओढाताण याहून खोल होती. क्लिंटन कुटुंबाशी जुना स्नेह, म्हणून त्यांनी हिलरींना पाठिंबा जाहीर केला होता. पण ५ फेब्रुवारीला त्यांच्या मतदारसंघाने ओबामांना भरभरून मतं दिली आणि महिना संपता संपता लुइस यांनी बाजू बदलली. नियमाने ते मोकळे होते, तरी मतदारांचा कौल त्यांना डावलवला नाही. या व्यवस्थेतला सर्वांत आश्वासक प्रसंग कोणता, तर हाच.

खरी खोट होती ती रोज छापून येणाऱ्या बेरजेत. २०१६ मध्ये न्यू हॅम्पशरला बर्नी सँडर्स यांनी साठ टक्के मतं घेऊन क्लिंटनना हरवलं. प्रायमरीच्या निकालाला बांधील प्रतिनिधी सँडर्सना मिळाले १५, क्लिंटनना ९. पण क्लिंटनच्या बाजूचे सहा सुपरडेलिगेट त्यात मिळवले आणि तक्त्यावर आकडा आला १५-१५. बर्फातून मतदानाला गेलेल्या माणसाने हे पाहून काय समजायचं? पुढे ६ जूनच्या संध्याकाळी, कॅलिफोर्नियाच्या मतदानाच्या आदल्या रात्री, असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने सुपरडेलिगेटांना विचारून क्लिंटनना उमेदवारी मिळाल्याचं जाहीर केलं. बांधील प्रतिनिधींतही क्लिंटनच पुढे होत्या आणि कॅलिफोर्नियाही त्यांनीच जिंकलं, हे खरं. तरीही लाखो लोक मतदान करायच्या आत निकाल सांगून टाकणं अन्यायाचंच होतं. सुपरडेलिगेटांनी अजून एकही मत टाकलेलं नव्हतं, नुसता कल सांगितला होता.

ऑगस्ट २०१८ मध्ये शिकागोच्या बैठकीत पक्षाने नियम बदलला. चुरस असेल तर अधिवेशनातल्या मतदानाच्या पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटांनी मत द्यायचं नाही, दुसरी फेरी झालीच तर द्यायचं. मूळचे बेळगावचे, मराठीत आत्मचरित्र लिहिणारे श्री ठाणेदार २०२३ पासून मिशिगनचे डेमोक्रॅट खासदार आहेत. पदामुळे तेही सुपरडेलिगेटांच्या यादीत येतात आणि हाच नियम त्यांनाही लागू होतो. १९५२ नंतर या पक्षाच्या अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी दुसरी फेरी झालेलीच नाही, म्हणजे त्यांच्या मताची वेळ येणं विरळाच. नियम योग्यच झाला. अनुभवी माणसांचा सल्ला पक्षाला हवाच, पण त्याची सामान्य मतदाराच्या मतात बेरीज होता कामा नये.

रविवार, २१ जुलै २०२४ रोजी राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी निवडणुकीतून माघार घेतली आणि त्यांचे जवळपास ३,९०० बांधील प्रतिनिधी एकाएकी मोकळे झाले. प्रायमरी केव्हाच संपल्या होत्या, त्यामुळे या वेळी कुणाचं मतदान झाकोळलं जाणार नव्हतं. पण काम तेच होतं. राज्याराज्यांच्या शिष्टमंडळांनी घाईने ऑनलाइन बैठका बोलावल्या, रात्री उशिरापर्यंत एकमेकांची मतं अजमावली. बहुमताला १,९७६ पुरे होते. सोमवारी रात्री असोसिएटेड प्रेसच्या पाहणीत उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस त्या आकड्यापुढे गेल्या होत्या. प्रत्यक्ष मतदान १ ऑगस्टला सुरू झालं.