डेपो, डिपॉझिट आणि साका

देऊळगाव राजाच्या स्टँडवर जालना-चिखली रस्त्याच्या गाड्यांची ये-जा चालू असते. जरा उशीर झाला की कुणीतरी विचारतोच, "गाडी कुठल्या डेपोची आहे हो?" पाटीवर 'आगार' लिहिलेले असते, पण तोंडी डेपोच. 1948 पासून धावणाऱ्या एस.टी.ने हा शब्द घराघरांत नेला. तो मूळचा फ्रेंच, हे आमच्या गल्लीतल्या एका घराला मात्र मध्यरात्रीच्या फोनवर कळले.

त्या घरची सून नवऱ्याच्या नोकरीमुळे नुकतीच फ्रान्सातल्या लियाँला गेली होती. पोराला ताप भरला. औषधाची बाटली आणून देऊन नवरा रात्रपाळीला गेला. सोबतचा कागद सगळा फ्रेंचमध्ये. त्यात 'देपो' हा शब्द दोनदा. कोशात पहिलाच इंग्रजी अर्थ डिपॉझिट! सोड्याच्या बाटलीचे असते तसे बाटलीचे डिपॉझिट असेल, असे तिने धरले. तरी मन धजेना. तिने सासूला फोन लावला.

"आत्याबाई, डिपॉझिट लिहिलंय."

सासूबाईंनी आयुष्यात कोश उघडलेला नाही. "शब्द राहू दे बाई. बाटली दिव्यासमोर धर. बुडाशी काही बसलंय का?"

पांढरा थर बसला होता.

"मग तो साका. चांगली हलव अन् मग दे."

न हलवता दिले असते, तर पोराच्या पोटात आधी नुसते वरचे पाणी आणि शेवटी तळाचे औषध एकदम गेले असते.

खरे तर इंग्रजी डिपॉझिटचाही एक अर्थ साकाच. पण तो आपल्याकडे पोचलाच नाही. आपल्याला ठाऊक बँकेतले डिपॉझिट, आणि निवडणुकीत जप्त होते ते! फ्रेंच देपोचा पसारा त्याहून मोठा. बँकेतली ठेव देपो, गोदाम देपो, बसगाड्या ठेवायची जागा देपो. तक्रार दाखल करणे हाही देपोच. पॅरिसच्या जुन्या न्यायालयातल्या कोठडीलाही हेच नाव. आणि एखाद्या कंपनीने ताळेबंदाचा देपो केला, तर तिचे दिवाळे वाजले असे समजावे. म्हणजे एकाच शब्दात शिल्लकही आणि दिवाळेही.

मुळात लॅटिनमध्ये 'खाली ठेवणे' असा अर्थ. ठेवणेवरून आपली ठेव झाली, तशीच ही वाट. फ्रेंचांनी मधला 'स' गिळला आणि त्याची खूण म्हणून 'ओ'वर टोपी चढवली. इंग्रजांनी 'स'वाला डिपॉझिटही घेतला आणि टोपीवाला डेपोही. एका शब्दाचे दोन करून दोघांना वेगवेगळी कामे लावली.

पोरगा दोन दिवसांत खेळायला लागला. मागच्या दिवाळीत मंडळी गावी आली, तेव्हा तो कोश मी पाहिला. 'डिपॉझिट'च्या शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले आहे, 'साका - आत्याबाई'.