यंत्राला स्वतःची ओळख कोण करून देतं?

भोसरी एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी. बुधवारी संध्याकाळी शेडमधला मेन स्विच खाली येतो तो थेट शुक्रवारी पहिल्या पाळीला वर जातो. लेथ सुरू होतात, कॉम्प्रेसर धडधडायला लागतो. पण कोपऱ्यातला पिवळट पडलेला संगणक, ज्याच्या जिवावर जुनं वायरकट किंवा मोजमापाचं यंत्र चालतं, तो काळ्या पडद्यावर एक ओळ लिहून अडून बसतो : 'सीमॉस चेकसम फेल्युअर'. एफ-1 दाबून त्याला पुढे ढकललं, तर म्हणतो, हार्ड डिस्कच नाही. तारीख विचारली, तर सांगतो 1 जानेवारी 1980!

डिस्क गेली का? मुळीच नाही. तिच्यावरचा प्रत्येक प्रोग्राम जागच्या जागी आहे. संगणक फक्त विसरलाय की आपल्याला एक डिस्क आहे. आणि 1980 का? कारण डॉसचं कॅलेंडरच तिथून सुरू होतं. वर्षासाठी त्यात सात बिट ठेवलेत, म्हणजे 128 वर्षं, 1980 ते 2107. त्याआधीचं जग डॉसला माहीतच नाही.

हा डबा अजून ठेवलाय कशाला, असं विचारण्याआधी तो उघडून आत पाहा. त्याच्या आयएसए स्लॉटमध्ये एक लांबलचक कार्ड बसलेलं असतं. यंत्राच्या स्केल, मोटारी, सेन्सर सगळे त्या कार्डाशी बोलतात. आजच्या मदरबोर्डवर तो स्लॉट नसतो. यंत्राचा बिडाचा बेड मात्र तीस वर्षांनंतरही ठणठणीत, मायक्रॉनला मायक्रॉन देणारा. बीड टिकतं म्हणून संगणक टिकवावा लागतो. आणि म्हणूनच तो विसरला की त्याला आठवण कशी करून द्यायची, ही विद्या भोसरीत अजून रोजच्या उपयोगाची आहे.

पण तो विसरला, याचं नवल नंतर करू. त्याला आधी आठवत कसं होतं, हेच मोठं नवल आहे!

बटण दाबलं त्या क्षणाचा विचार करा. रॅम कोरी आहे. प्रोसेसरला जगातली एकच गोष्ट ठाऊक आहे : एक पत्ता. इंटेलचा 8088 जागा झाला की दर वेळी न चुकता एक मेगाबाइटच्या अगदी टोकाला, शेवटच्या 16 बाइटांच्या तोंडाशी जातो आणि तिथे जे लिहिलं असेल ते करतो. तिथे लिहिलेलं असतं, 'अमुक ठिकाणी उडी मार'. ती उडी बायोसमध्ये नेते, म्हणजे रॉमच्या चिपमध्ये कायमच्या कोरलेल्या प्रोग्राममध्ये. इथवर ठीक. पण ही चिप कारखान्यात भरली, तेव्हा तुमचा संगणक जुळवलेलाही नव्हता. त्यात फ्लॉपी कोणती बसणार, डिस्क केवढी बसणार, हे चिपला कसं कळावं? ही माहिती डिस्कवरच लिहून ठेवली तर? मग डिस्क वाचायला आधी डिस्कची माहिती हवी, आणि ती माहिती मिळवायला डिस्क वाचायला हवी!

आयबीएमने 12 ऑगस्ट 1981 ला पहिला पीसी बाजारात आणला, तेव्हा या पेचावर अगदी हाताने हलवता येईल असं उत्तर दिलं. मदरबोर्डवर इवल्या स्विचांच्या दोन पट्ट्या. फ्लॉपी ड्राइव्ह किती, मेमरी किती, पडदा रंगीत की एकरंगी, हे सगळं त्या स्विचांवरून प्रोसेसर वाचायचा. सेटिंग बदलायचं म्हणजे झाकण काढायचं आणि बॉलपेनच्या टोकाने स्विच सरकवायचा. (पेन्सिल वापरायची नाही. तिच्यातलं ग्राफाइट विजेचं वाहक असतं, त्याची पूड स्विचमध्ये गेली की घोटाळा.) या पद्धतीची एक थोरवी मानलीच पाहिजे : स्विच कधी विसरत नाही.

मग 1984 मध्ये पीसी-एटी आला आणि खरी गंमत सुरू झाली. या मशीनमध्ये घड्याळासाठी मोटोरोलाची 146818 नावाची चिप बसवली होती. या चिपमध्ये 64 बाइटांची स्मृती. त्यातले 14 बाइट घड्याळाच्या कामाचे, उरलेले 50 मोकळे. घड्याळाला बॅटरी द्यावीच लागणार होती. मग त्याच बॅटरीवर ते 50 बाइटही जिवंत राहतील, त्यांत संगणकाची ओळख लिहून ठेवली तर? पुढच्या सगळ्या पीसींची बैठक या एका युक्तीवर बसली.

64 बाइट म्हणजे किती हो? 'पिंपरी चिंचवड महानगरपालिका' ही तीन शब्दांची पाटी आजच्या युनिकोडमध्ये साठवायला 74 बाइट लागतात. ती पाटीसुद्धा या चिपमध्ये मावली नसती! आणि तेवढ्यात घड्याळ, कॅलेंडर, गजर आणि अख्ख्या यंत्राची ओळख. काटकसर बघा : दोन फ्लॉपी ड्राइव्हची माहिती मिळून एकच बाइट. त्याचा वरचा अर्धा भाग पहिल्या ड्राइव्हचा, खालचा दुसऱ्याचा. अर्ध्या भागात 4 असेल, तर 1.44 मेगाबाइटची फ्लॉपी. 0 असेल, तर ड्राइव्हच नाही.

आणि हे सगळं टिकतं कशावर? बहुतेकदा एका बटण सेलवर. सीमॉस पद्धतीच्या चिपमध्ये ट्रान्झिस्टर जोडीने काम करतात : एक चालू असला की दुसरा बंद. त्यामुळे वीज आरपार वाहायला वाटच मिळत नाही. ती लागते फक्त शून्याचा एक किंवा एकाचा शून्य होताना. नुसतं लक्षात ठेवायला जवळजवळ काहीच लागत नाही. हिशेब करून पाहा. सीआर-2032 सेलमध्ये साधारण 220 मिलीॲम्पिअर-तास वीज असते. पॅनेलवरचा लुकलुकणारा एलईडी दिवा 10 मिलीॲम्पिअर घेत असेल, तर एवढा साठा तो 22 तासांत संपवेल. घड्याळाची चिप 5 मायक्रोॲम्पिअर घेत असेल, तर तोच साठा 44,000 तास पुरतो. पाच वर्षं!

त्या पाच वर्षांत ती एकही सेकंद मोजायचा सोडत नाही. चिपशेजारी क्वार्ट्झचा एक चिमुकला चिमटा असतो, दर सेकंदाला 32,768 वेळा थरथरणारा. हाच आकडा का? 32,768 चे अर्धे करा, त्याचे पुन्हा अर्धे, असं पंधरा वेळा करा. उरतो बरोबर 1. अर्धं करणं हे डिजिटल सर्किटचं सगळ्यात सोपं काम, म्हणून स्फटिक कापतानाच या आकड्यावर थरथरेल असा कापतात. पुण्याच्या आसपासच्या काळ्या पाषाणात खोदकाम करताना पोकळ्यांमधून जे पारदर्शक स्फटिक निघतात, त्यांतले क्वार्ट्झचे रासायनिक दृष्ट्या अगदी हेच. घड्याळातला मात्र कारखान्यात वाढवलेला.

आता ती अडून बसायची ओळ. बॅटरी उतरली की स्मृतीतले बिट कसेही उलटसुलट होतात. बायोसला कसं कळतं की हे वाचलेलं खरं नव्हे? जॉबवर्कचा माल गेटवर आला की वॉचमन चलनावरची एकूण नगसंख्या बघतो आणि टेम्पोतले नग मोजतो. जुळले नाहीत, तर टेम्पो आत जात नाही. बायोस तेच करतो. सोळाव्या बाइटपासून पंचेचाळिसाव्यापर्यंत तीस बाइटांची बेरीज करतो आणि ती सेहेचाळीस-सत्तेचाळीसमध्ये लिहून ठेवलेल्या बेरजेशी ताडून बघतो. एकाने जरी फरक पडला, तरी तो त्या तीसपैकी कशावरच विश्वास ठेवत नाही.

म्हणजे आता ती माहिती आपण हाताने भरायची. पण आत शिरायचं कुठून?

मूळ पीसी-एटीमध्ये दारच नव्हतं. सेटअपचा प्रोग्राम मशीनबरोबर मिळणाऱ्या डायग्नोस्टिक्स फ्लॉपीवर. फ्लॉपी हरवली की संपलं. मग बायोस लिहिणाऱ्या कंपन्यांनी सेटअप रॉममध्येच बसवला. त्यांतली एएमआय ही सुब्रमण्यन शंकर आणि पॅट सरमा या भारतीय वंशाच्या दोघांनी 1985 मध्ये अमेरिकेत काढलेली. 'हिट डिलीट इफ यू वॉन्ट टू रन सेटअप' ही ओळ ज्यांनी पाहिलीय, त्यांना तो निळा पडदाही आठवत असेल. अवॉर्डच्या बायोसलाही डिलीटच, पण जुन्या अवॉर्डला कंट्रोल-ऑल्ट-एस्केप. फीनिक्सला बहुतेकदा एफ-2, त्यांच्या काही जुन्या बायोसना कंट्रोल-ऑल्ट-एस. आयबीएमच्या थिंकपॅडला एफ-1. तोशिबाच्या जुन्या लॅपटॉपवर एस्केप दाबून धरून चालू करायचं आणि मग एफ-1. कॉम्पॅकला एफ-10, तेही पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पांढरा ठोकळा लुकलुकेल तेवढ्याच वेळात. कॉम्पॅकच्या अनेक मॉडेलांत सेटअप हार्ड डिस्कच्या एका राखीव तुकड्यावर असायचा. डिस्क बदलली की एफ-10 दाबून काहीच व्हायचं नाही. वर पाहिलेला पेच पुन्हा आला की नाही!

वेळ मात्र थोडा. मेमरी मोजून होईपर्यंतच दार उघडं. जुन्या मशीनना मेमरी मोजायला बराच वेळ लागायचा, म्हणून माणसाला सवड मिळायची. आज त्याच मशीनला चपटा एलसीडी मॉनिटर जोडला, तर त्याचा पडदा उजळायलाच दोन-तीन सेकंद जातात आणि 'डिलीट दाबा' ही ओळ दिसायच्या आत निघून गेलेली असते. तेव्हा ओळीची वाट बघू नका. चालू केल्याबरोबर की टकटक दाबत राहा. आणि कीबोर्ड त्या काळचा घ्या, जाड गोल प्लगचा किंवा पीएस-2 चा. यूएसबीचा कीबोर्ड त्या बायोसला दिसतच नाही.

कोणती की, हेच माहीत नसेल तर? यावरची युक्ती मला फार आवडते. चालू करतानाच कोणतीही एक की दाबून धरा. सुरुवातीच्या तपासणीत बायोस कीबोर्डकडून 'मी ठीक आहे' या निरोपाची वाट बघतो, आणि दाबलेल्या कीमुळे भलताच निरोप येतो. त्याला वाटतं, कीबोर्ड बिघडला. तो थांबतो आणि बहुतेक वेळा स्वतःच लिहितो, 'पुढे जायला एफ-1, सेटअपला अमुक की.' ज्या दाराचा पत्ता आपण शोधत होतो, तो त्यानेच सांगितला!

आत गेल्यावर सगळ्यात नाजूक रकाना हार्ड डिस्कचा. पीसी-एटीच्या बायोसला ठराविक 14 प्रकारच्या डिस्क माहीत होत्या. पुढे यादी वाढत गेली, आणि 47 वा प्रकार म्हणजे 'तुम्हीच आकडे सांगा'. सिलिंडर किती, हेड किती, सेक्टर किती. हे तीन आकडे डिस्कच्या लेबलवर असतात, आणि ते कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवावेत अशी माझी कळकळीची विनंती आहे. कारण चुकीचे आकडे भरून डिस्कवर काही लिहिलं गेलं, तर मघाशी सुखरूप असलेली माहिती खरोखर जाते.

या तीन आकड्यांत एक विलक्षण गोष्ट दडलीय. बायोसची मर्यादा 1024 सिलिंडर, 256 हेड, 63 सेक्टर. म्हणजे 8.4 गिगाबाइट. डिस्कच्या जोडणीची मर्यादा 65,536 सिलिंडर, 16 हेड, 255 सेक्टर. ती तर 130 गिगाबाइटच्याही पुढे जाते. दोघेही उदार. पण दोघांना एकत्र आणलं की प्रत्येक रकान्यातला लहान आकडाच चालतो : 1024, 16, 63. सेक्टर 512 बाइटांचा. गुणाकार करा : 52,84,82,304 बाइट. जेमतेम 528 मेगाबाइट! नव्वदीच्या दशकात मोठी डिस्क आणूनही ती अर्ध्या गिगाबाइटवर अडायची, याचं कारण हा साधा गुणाकार.

आणि शुक्रवारच का? अनेक 386 आणि 486 मदरबोर्डवर बटण सेल नसतो, 3.6 व्होल्टची निकेल-कॅडमियमची नळकांडी असते. दिवसा मशीन चालू असताना ती चार्ज होते. म्हातारी झाली तरी एका रात्रीपुरता दम तिच्यात असतो. बुधवार संध्याकाळ ते शुक्रवार सकाळ हे छत्तीसेक तास मात्र तिला पेलत नाहीत. ही नळकांडी दिसली की आधी काढा. तिच्यातून गळणारा क्षार तांब्याच्या रेघा खात सुटतो. व्हिनेगरने पुसायचं, मग आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने), आणि तिच्या जागी सेल लावताना एक डायोड घालायचा, कारण बटण सेल चार्ज करायचा नसतो. काही बोर्डांवर डॅलस कंपनीची काळी चिप असते, डीएस-1287. बॅटरी आणि स्फटिक दोन्ही तिच्या पोटात, इपॉक्सीत बंद. कंपनीने दहा वर्षांची हमी दिली होती आणि आता तर तीस उलटली. चिकाटीची माणसं बारीक ग्राइंडरने तिची कड घासतात, आतल्या पिना उघड्या पाडतात आणि बाहेरून नवा सेल जोडतात. ग्राइंडर भोसरीत कोणाकडे नाही?

शेजारच्या सीएनसीवाल्याला हे सांगून बघा, तो लगेच मान डोलावेल. फॅनकच्या कंट्रोलमध्येही पॅरामीटर बॅटरीवरच्या स्मृतीत असतात, आणि पडद्यावर 'बॅट' लुकलुकायला लागलं की सेल मशीन चालू ठेवूनच बदलायचा, हे ऑपरेटरला पहिल्या महिन्यातच शिकवलेलं असतं.

1984 च्या त्या 64 बाइटांकडे प्रोसेसर दोन खिडक्यांतून बघायचा : 70 नंबरच्या पोर्टवर कितवा बाइट हवा ते सांगायचं, 71 वर उत्तर घ्यायचं. चाळीस वर्षं झाली. प्रोसेसर हजारो पटींनी वेगवान झाले, फ्लॉपी गेली, आयएसए गेला, बायोसच्या जागी यूईएफआय आलं. पण इंटेलच्या नव्या चिपसेटमध्येही घड्याळ त्याच 70 आणि 71 वर उत्तर देतं. हाताशी डॉस असेल, तर डीबग चालवा. 'ओ 70 0' लिहून एंटर, मग 'आय 71' लिहून एंटर. एक दोन अंकी आकडा येईल. तो त्या घड्याळाचा चालू सेकंद असतो. पुन्हा विचारा, तोवर पुढे गेलेला असेल.