ईस्टर, लेखांक तिसरा : नावामागची देवी

‘ईस्टर’ हे नाव ख्रिस्ती जगातल्या बहुतेक भाषांत नाहीच. ग्रीक आणि रशियन लोक या सणाला ‘पास्खा’ म्हणतात, इटालियन ‘पास्क्वा’, फ्रेंच ‘पाक’, डच ‘पासेन’. पोलिश आणि चेक भाषांत तो ‘मोठी रात्र’ आहे. गोव्यात ‘पास्कांचें फेस्त’ होते आणि वसईच्या कॅथलिक घरांत ‘पास्काचा सण’. इंग्रजीत ‘ईस्टर’ आणि जर्मनमध्ये ‘ओस्टर्न’, एवढीच या शब्दाची मूळ वस्ती. इंग्रजी राज्याबरोबर तो जगभर गेला, मराठी वर्तमानपत्रांतही आला, आणि त्यासोबत एक वादही आला. ईस्टर म्हणजे बाबिलोनच्या इश्तार देवीचा उत्सव, असे ठामपणे सांगणारे पुष्कळ आहेत. मागील लेखांकानंतर वाचकांनी विचारलेला प्रश्नही हाच होता. त्याचे उत्तर दोन ओळींत होण्यासारखे नाही. म्हणून सणाच्या तारखेचे गणित, आणि नॉर्थम्ब्रिया या जुन्या इंग्रज राज्यात राजाचा सण व राणीचा उपवास एकाच दिवशी आला ती हकिगत, पुढील लेखांकावर ढकलली आहे.

आधी सण, मग नाव. मराठी बायबलमध्ये यहुदी ‘पेसाख’ सणाला ‘वल्हांडण’ म्हटले आहे. हे ‘ओलांडणे’ या क्रियापदाचेच जुने रूप, आणि भाषांतरकारांनी फार नेमका शब्द उचलला. निर्गम या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात कोकराचे रक्त एजोबाच्या जुडीने दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि कपाळपट्टीला लावायला सांगितले आहे. ते रक्त दिसले की मृत्यू ते घर ओलांडून पुढे जाणार होता. मिसरच्या गुलामगिरीतून सुटका झाली त्या रात्रीची ही आठवण. निसान महिन्याच्या 14 व्या दिवशी कोकरू कापले जाई. येशूचा मृत्यू याच सणाच्या दिवसांत झाला. त्यामुळे पहिल्या ख्रिस्ती लोकांना त्याच्यात वल्हांडणाचे कोकरू दिसले आणि पुनरुत्थानात नवी सुटका. ‘पास्खा’ हा शब्द पेसाखच्या अरामी रूपातून आला.

दुसऱ्या शतकात सार्दिस नगरीचा बिशप मेलितो याने पास्खावर एक प्रवचन रचले. सार्दिस आज तुर्कस्तानच्या पश्चिम भागात येते. हे प्रवचन शतकानुशतके हरवल्यासारखेच होते. पपायरसवरचा मजकूर 1940 मध्ये छापून प्रसिद्ध झाला. मेलितोने ‘पास्खा’चा संबंध ग्रीक ‘पास्खेइन’, म्हणजे दुःख सोसणे, या क्रियापदाशी जोडला. व्युत्पत्ती म्हणून ते चूक आहे, कारण शब्द ग्रीक नव्हेच. पण त्या काळच्या माणसाला या सणात काय दिसत होते ते यातून लख्ख कळते. त्याच्या दृष्टीने कोकराचे मरण, येशूचे सोसणे आणि सुटका हे तिन्ही एकाच रात्रीत बसत होते. त्याच शतकात हा सण 14 निसानलाच पाळावा की त्यानंतरच्या रविवारी, यावर आशिया मायनर आणि रोम यांच्यात कडाक्याचा वाद झाला. तारखेवरून भांडण होण्याइतका सण तेव्हाच रुजलेला होता. त्या वेळी ब्रिटनमध्ये इंग्रजी बोलणारे कोणी पोचलेही नव्हते.

‘ईस्टर’ हे नाव कळते ते बीड नावाच्या मठवासी विद्वानाकडून. उत्तर इंग्लंडमधील जॅरो येथे त्याने 725 मध्ये कालगणनेवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या पंधराव्या प्रकरणात इंग्रजांच्या जुन्या महिन्यांची नावे आहेत. साधारण एप्रिलमध्ये येणारा महिना ‘एओस्तुरमोनाथ’. पूर्वी या महिन्यात एओस्त्रे देवीचे उत्सव होत, तिच्यावरून हे नाव पडले आणि आता लोक पास्खाच्या काळालाच ते नाव देतात, एवढेच बीड सांगतो. देवीचे रूप, मंदिर, वाहन, नैवेद्य यांबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

एवढ्याशा नोंदीवर कितीसा भार टाकायचा? काही अभ्यासकांच्या मते महिन्याच्या नावाचा अर्थ लागेना म्हणून बीडने देवी कल्पिली. पण ते प्रकरण सलग वाचले की हा आक्षेप लटका पडतो. मे महिन्याला ‘थ्रिमिल्ची’ म्हणत, कारण त्या दिवसांत गुरांची धार दिवसातून तीन वेळा काढली जाई. नोव्हेंबरात कत्तलीची गुरे देवांना वाहत, म्हणून तो ‘ब्लोतमोनाथ’. ही शेतकऱ्याच्या गोठ्यातली माहिती आहे आणि बीड ती जशीच्या तशी देतो. बारा महिन्यांपैकी फक्त दोघांनाच तो देवींशी जोडतो. दुसरी देवी ह्रेथा, मार्चची. शिवाय नॉर्थम्ब्रियाचा राजा एडविन याचा बाप्तिस्मा यॉर्क येथे 627 च्या ईस्टरला झाला आणि बीडचा जन्म त्यानंतर जेमतेम अर्ध्या शतकाच्या आत झाला. जुना धर्म पाळलेल्या माणसांची नातवंडे त्याच्या आसपास होती. एका भाविक मठवाशाने ख्रिस्ती सणाच्या नावाखाली परकी देवी मुद्दाम दडवावी, याला कारण दिसत नाही.

पुढचे पाऊल जर्मनीत पडले. भाषापंडित याकोब ग्रिम याने 1835 च्या ‘डॉइचे मिथोलोगी’ या ग्रंथात ‘ओस्टर्न’वरून ‘ओस्तारा’ ही जर्मन देवी अनुमानाने उभी केली. एप्रिलला ‘ओस्तारमानोथ’ म्हणावे असे सम्राट शार्लमेनने ठरवले होते, हा त्याचा एक आधार. पण जर्मनीत हा शब्द इंग्रज मिशनऱ्यांनी आठव्या शतकात नेला असेल, असेही एक मत आहे. ते खरे धरले तर ओस्तारा जर्मनीची उरत नाही. मग 1958 मध्ये ऱ्हाइन नदीच्या पश्चिमेकडील मोर्केन-हार्फ येथे दीडशेहून अधिक रोमनकालीन शिलालेख सापडले. नवस फेडल्यावर कोरून घेतलेल्या या शिळा ‘औस्त्रियाहेने’ नावाच्या मातृदेवींच्या आहेत. एओस्त्रेशी मिळतेजुळते नाव असलेल्या देवींचे पूजन खरोखर होत होते, हे त्यांनी दाखवले. अभ्यासक फिलिप शॉ यांनी 2011 मध्ये मांडले की अशी नावे बहुधा स्थानिक होती, ‘पूर्वेकडची’ एवढ्याच अर्थाची. इंग्लंडच्या केंट भागातील ईस्ट्री हे गावही त्यांनी त्यासाठी तपासले.

मुळाशी धातू एकच आहे, उजाडण्याचा. पूर्व दिशेचे इंग्रजी नाव त्यातूनच आले. ग्रीक एओस, लॅटिन औरोरा, लिथुआनियन आउश्रा आणि ऋग्वेदातली उषस् ही सगळी सख्खी भावंडे. मराठी घरातली उषा आणि ईस्टर हा शब्द यांचे नाते असे भाषेचे आहे. पूजेची परंपरा एकीकडून दुसरीकडे गेली, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. भाषाशास्त्रज्ञ योहान क्नोब्लोख यांनी देवी वगळून एक वेगळाच मार्ग सुचवला होता. नव्याने बाप्तिस्मा घेतलेले लोक आठवडाभर शुभ्र वस्त्रे घालत. त्या आठवड्याच्या लॅटिन नावातला ‘पांढरा’ हा शब्द ‘पहाट’ समजून भाषांतरला गेला, असा त्यांचा तर्क. तर्क चतुर आहे, पण एवढ्या मोठ्या सणाचे नाव एका चुकीवर टिकले हे पटत नाही. बीडची साक्ष त्याहून भक्कम आहे.

आता इश्तार. हे समीकरण स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक अलेक्झांडर हिस्लॉप याने ‘द टू बॅबिलोन्स’ या पुस्तकातून पसरवले. 1853 ची पुस्तिका 1858 मध्ये त्याने वाढवली. रोमन चर्च म्हणजे बाबिलोनची मूर्तिपूजा, हे त्याला सिद्ध करायचे होते. मेसोपोटेमियातील निनवे या प्राचीन नगरीच्या उत्खननाने तेव्हा युरोप भारलेला होता. आधार मात्र एकच, दोन शब्दांचा सारखा आवाज. फारसी ‘बद’, जो ‘बदनाम’मध्ये आहे, आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा उच्चार जवळचा, अर्थही एकच. तरी त्यांचे कुळ वेगळे. इश्तार आणि ईस्टर यांचा तर अर्थही जुळत नाही. शिवाय सण बाबिलोनहून आला असता, तर बाबिलोनला जवळच्या सिरियात आणि ग्रीसमध्ये ते नाव आधी दिसले असते. तिथे आजवर पास्खाच आहे.

उरली अंडी आणि ससा. मध्ययुगीन युरोपात ईस्टरआधीच्या उपवासकाळात अंडी वर्ज्य होती. पण दिवस मोठा होऊ लागला की कोंबड्या जास्त घालू लागतात, तेव्हा चाळीस दिवसांत टोपल्या भरत. सणाच्या दिवशी ती सारी बाहेर येत, रंगत आणि वाटली जात. 1290 मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या हिशेबात 450 अंड्यांसाठी 18 पेन्सचा खर्च आहे. ती सोन्याचा वर्ख लावून वाटली गेली. वांद्रे, वसई आणि गोव्यात विकली जाणारी मार्झिपानची अंडी याच चालीची. ससा त्याहून नवा. अंडी आणणाऱ्या सशाची गोष्ट 1682 मध्ये गेओर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाउ या जर्मन वैद्याने अल्सेस भागातली म्हणून नोंदवली. एओस्त्रेचे नाव त्यात नाही. ससा बहुधा देवीचा असावा, हे जर्मन अभ्यासक आडोल्फ होल्ट्समान याच्या 1874 मध्ये छापलेल्या पुस्तकात केवळ अंदाज म्हणून आले. देवीने पक्ष्याचा ससा केला, ही आज पुराणकथा म्हणून सांगितली जाणारी गोष्ट त्या अंदाजानंतरची आहे.