हवा खाणारे हत्यार

माझा धंदा व्याकरणाचा. स्क्रू कोणत्या बाजूला फिरवला म्हणजे सैल होतो, हे चाळिशी उलटेपर्यंत मला खात्रीने सांगता येत नव्हते. पण गेल्या ज्येष्ठात भाच्याने साताऱ्याच्या अलीकडे, महामार्गालगत टायरचे दुकान काढले आणि हा विषय माझ्या गळ्यात पडला.

कॉम्प्रेसर कर्जाचा. चाकाचे नट खोलायची हवेवरची गन मात्र त्याने जुन्या बाजारातून अडीच हजारांना उचलली. हातात रोकडच तेवढी उरली होती. घरी आणून नळी जोडली, घोडा दाबला, तो नुसता फुस्स आवाज! हत्यार मनसोक्त हवा खात होते, पण जागचे हलत नव्हते. आमचे मेहुणे मुळातच या धंद्याविरुद्ध. "आता तरी नोकरी बघ," एवढेच ते बोलले. दुकान उघडायला तीन दिवस उरले होते. भाचा माझ्याकडे आला तो माझ्या विद्वत्तेसाठी नव्हे. माझ्या शेजारी एक निवृत्त मिस्त्री राहतात, त्यांच्यासाठी.

मिस्त्रींनी गन कानाशी धरून हलवली. "मेली नाही, नुसती गोठलीय."

मागचे झाकण उघडल्यावर जे दिसले, ते इतके साधे निघाले की मी थक्क झालो. एक पोकळ नळकांडे, त्यात मध्यबिंदू सोडून एका बाजूला बसवलेला लोखंडी रोटर, रोटरला खाचा आणि खाचांत सरकती पाती. हवा पात्यांना ढकलते, रोटर फिरतो. फिरण्याच्या जोराने पाती बाहेर फेकली जाऊन नळकांड्याच्या भिंतीला चिकटून राहतात. पुढे हातोडीची यंत्रणा असते. ती नटाला सलग पीळ देत नाही, ठोसे मारते. आमची पाती गंजाने आणि वाळून चिकट झालेल्या तेलाने खाचांतच रुतली होती. हवेला अडवणारे कोणी नव्हते. आली तशी ती निघून जात होती.

मिस्त्रींनी पाती डिझेलमध्ये रात्रभर भिजत ठेवली. सकाळी ती लोखंडी सळईने उचकटायला मी सरसावलो, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. पाती धातूची नसतात, रेझिनमध्ये दाबलेल्या कापडाच्या थरांची असतात. कड तुटली की गेली. एका पात्याची कड उडालेलीच होती. एकच बदलून भागत नाही, सबंध संच बदलावा लागतो. तो मिळवण्यात दुसरा दिवस गेला. खाचा स्वच्छ केल्यावर नवे पाते आपल्या वजनाने खाली सरकले, तेव्हा भाच्याच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते परीक्षेच्या निकालालाही मी पाहिले नव्हते.

जोडताना मोटरला पातळ तेल, हातोडीला ग्रीस. मोटरमध्ये ग्रीस कोंबणारे शहाणे पुष्कळ, असे मिस्त्री म्हणतात. मग त्यांनी भाच्याला खरा गुन्हेगार दाखवला: टाकीतले पाणी. दाबलेली हवा तापते, टाकीत निवते आणि तिच्यातला दमटपणा पाणी होऊन तळाशी साचतो. पावसाळ्यात तर फारच. ते पाणी नळीतून गनमध्ये जाते. म्हणून रोज टाकीचा खालचा कॉक उघडायचा, कामापूर्वी आणि संध्याकाळी गनच्या तोंडात तेलाचे चारपाच थेंब टाकून ती क्षणभर चालवायची. दाब नव्वद पौंडांचा, आणि तोही गन चालू असताना मोजलेला. बारीक नळीत तो वाटेतच गळतो. चकचकीत साधे सॉकेट लावायचे नाही, ठोशाने फुटते. जाड, काळेच हवे. आणि नट खोलायला गन, पण शेवटचे आवळणे मापाच्या पान्याने हातानेच. गनने आवळलेला बोल्ट रस्त्यात तुटला, तर चाक कोणाचे आणि जीव कोणाचा?

तिसऱ्या दिवशी पहिली गाडी मेहुण्यांचीच लागली. चार नट भराभर सुटले. मेहुणे काही बोलले नाहीत. पाचवा मात्र, "मला दे," म्हणून त्यांनी स्वतः सोडवला.

परवा भाच्याचा फोन आला. श्रावणात टाकीतून रोज पेलाभर पाणी निघत होते म्हणाला.