कार्बोरेटरला हवेचं वजन कळत नाही

‘ॲव्हरेज वाढवून द्या’ असं गॅरेजमध्ये सांगितलं, की मेकॅनिक बारका स्क्रूड्रायव्हर घेतो, कार्बोरेटरवरचा एक स्क्रू अर्धा-पाऊण फेरा फिरवतो, इंजिनाचा आवाज ऐकतो आणि गाडी ताब्यात देतो. आयडलिंग सुधारतं, पण ॲव्हरेज बहुतेक वेळा होतं तेवढंच राहतं. तो स्क्रू चालतो फक्त गाडी उभी असताना किंवा अगदी थोडा ॲक्सिलरेटर दिलेला असताना. धावणारी गाडी आपलं बरंचसं पेट्रोल दुसऱ्याच वाटांनी घेते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक लागू झालं आणि नव्या मोटारसायकलींवर इंजेक्शन आलं; तरी त्याआधीच्या कार्बोरेटरवाल्या गाड्या गावोगावी आजही लाखोंनी धावताहेत. म्हणून या वाटा समजून घ्यायला हव्यात.

एक किलो पेट्रोल पुरतं जळायला १४.७ किलो हवा लागते. हवेत वजनाने ऑक्सिजन जेमतेम २३ टक्के, म्हणून हा आकडा इतका मोठा. एका लिटर पेट्रोलमागे सुमारे नऊ हजार लिटर हवा इंजिनाला आत घ्यावी लागते. शंभर सीसीचं इंजिन पूर्ण ॲक्सिलरेटरवर एका वेळी जी हवा घेतं, तिच्यासाठी सात-आठ मिलिग्रॅम पेट्रोल पुरतं. हे माप सेकंदाला कित्येक वेळा घ्यायचं, तेही कुठलंही सेन्सर किंवा वायर नसताना.

त्यासाठी एकच युक्ती आहे. नदीचं पात्र अरुंद झालं की पाणी वेग घेतं, तशी कार्बोरेटरच्या निमुळत्या गळ्यात हवा वेग घेते. वेग वाढला की तिथला दाब उतरतो. डॅनिएल बर्नुली यांनी १७३८ मध्ये वेग आणि दाबाचं हे नातं मांडलं. जोव्हान्नी बत्तीस्ता व्हेंचुरी यांनी १७९७ मध्ये निमुळत्या नळीतला प्रवाह तपासला आणि त्या गळ्याला त्यांचंच नाव मिळालं. खालच्या वाटीतल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. इंजिन पेट्रोल ओढतं असं आपण म्हणतो, पण खरं तर बाहेरची हवा ते जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या तुकड्यातून, वर ढकलत असते. वाटीतली पातळी फ्लोट सांभाळतो. ती चढली की सगळीकडेच पेट्रोल जास्त जातं, म्हणून ट्युनिंगला बसण्याआधी फ्लोट पाहायचा.

आता वाटा. उभ्या गाडीला पेट्रोल पुरवतो पायलट जेट. ॲक्सिलरेटर पाव ते पाऊण असताना कारभार निडलकडे असतो: ॲक्सिलरेटरने उचलल्या जाणाऱ्या स्लाइडबरोबर ही निमुळती सुई वर जाते आणि भोवतालची फट वाढवते. पाऊणच्या पुढे मेन जेट. निडलच्या माथ्यावर खाचा असतात आणि एका खाचेत क्लिप. क्लिप एक खाच खाली बसवली, तर निडल वर उचलली जाते आणि मिश्रणात पेट्रोल वाढतं. रोजच्या धावण्यातलं ॲव्हरेज मुख्यतः इथे ठरतं. तरीही कार्बोरेटर उघडून क्लिप पाहण्याचे कष्ट फार थोड्या ठिकाणी घेतले जातात, याचं मला वाईट वाटतं.

बाहेरचा स्क्रूही दोन जातींचा असतो. तो एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेची वाट अडवतो. आवळला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर मिश्रणाचीच वाट अडवतो. आवळला की पेट्रोल कमी होतं. कुठला आहे हे न पाहता ‘आवळला की पेट्रोल वाचतं’ असं समजणारा नेमकं उलटं करून बसतो. इंजिन चांगलं तापलेलं असावं. स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बसवावा, दीड-दोन फेरे सोडावा, मग थोडा थोडा फिरवत जिथे इंजिन सर्वांत जोरात आणि एकसारखं चालतं ती जागा शोधावी. नंतर आयडलिंगचा स्क्रू फिरवून वेग खाली आणावा.

पीयूसी केंद्रातही दुचाकीचा धूर मोजतात तो आयडलिंगला. म्हणजे ते प्रमाणपत्र पायलट जेटपुरतंच बोलतं. चढावर मेन जेट किती कार्बन मोनॉक्साइड सोडतो, हे त्यात येत नाही. चढ चढून येताच इंजिन बंद करून प्लग काढून पाहिला, तर निडल आणि मेन जेटबद्दल कळतं. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा भाजलेला रंग म्हणजे कमी, फिकट तपकिरी म्हणजे बरोबर.

पण बरोबर कुठे? कार्बोरेटरला कळतो तो हवेचा वेग आणि त्यातून आलेला दाबातला फरक. त्या हवेत ऑक्सिजन किती वजनाचा आहे, हे कळत नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर आहे. तिथली हवा मुंबईपेक्षा साधारण १२ टक्के विरळ. पेट्रोल मात्र त्याच प्रमाणात घटत नाही, घनतेच्या वर्गमुळाच्या हिशेबानं घटतं. म्हणून मिश्रणात पेट्रोल सुमारे ७ टक्के जास्त होतं. पुण्या-मुंबईचे स्वार लडाखला जातात, तेव्हा हाच हिशेब अंगावर येतो. ५,३५९ मीटरवरच्या खारदुंग ला खिंडीत हवेची घनता चाळीस टक्क्यांहून जास्त घटलेली असते आणि पेट्रोल गरजेपेक्षा जवळपास ३० टक्के जास्त जातं. इंजिन घुसमटतं, धूर काळा येतो. क्लिप वर सरकवून आणि मेन जेट बारका बसवून ही घुसमट जाते. विरळ हवेनं गेलेली ताकद मात्र कुठल्याही ट्युनिंगनं परत येत नाही.

दुसरा बदल पंपावरच झाला आहे. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. त्याच्या एका किलोला नऊ किलोच हवा लागते. त्यामुळे उसाच्या मळीपासून किंवा धान्यापासून केलेलं २० टक्के इथेनॉल असलेल्या ई-२० पेट्रोलला १४.७ ऐवजी साधारण १३.५ पट हवा हवी. जुना कार्बोरेटर मात्र जुन्याच मापाने पाजत राहतो, म्हणजे शुद्ध पेट्रोलवर बेतलेल्या गाडीत मिश्रण आठेक टक्के कोरडं पडतं, त्यात पेट्रोल कमी पडतं. ॲक्सिलरेटर दिल्यावर गाडी क्षणभर अडखळते, उतारावर सायलेन्सर फटफटतो, इंजिन जास्त तापतं. चोक किंचित ओढल्यावर बरं चाललं, तर पेट्रोल कमी पडतंय हे नक्की. गंमत अशी, की हीच गाडी महाबळेश्वरला नेली तर दोन्ही चुका जवळपास एकमेकींना खोडून काढतात.

सपाटीवर उपाय म्हणजे निडलची क्लिप एक खाच खाली. निडलला खाचाच नसतील, तर तिच्या माथ्याखाली बारीक वॉशर. त्यानेही भागलं नाही तर मेन जेट बदलायचा, पण जपून. भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे आठ टक्के जास्त पेट्रोलला व्यास चारच टक्के वाढवावा लागतो. ०.९ मिलिमीटरच्या जेटमध्ये हा फरक ०.०४ मिलिमीटरसुद्धा नाही. पितळी जेटच्या भोकात पोलादी तार घालून घासणारा हात एवढा फरक सहज करतो, आणि तो मोजता येत नाही. जेट साफ करायचा तो कार्बोरेटर क्लीनरच्या फवाऱ्याने आणि कॉम्प्रेसरच्या हवेने.