मॉरिशसचा कातळ आपल्याच नात्यातला

सुरतेत कतारगामला हिरे घासणारे आम्ही खानदेशी पुष्कळ. आता कामासाठी मॉरिशसला आलोय. सुट्टीत क्युरपिपचं 'त्रू ओ सेर्फ' पाहिलं. ज्वालामुखीचं विवर, सुमारे ८५ मीटर खोल, आत दाट झाडी.

इथला दगड हातात घेऊन बघा: काळा, जड, बारीक भोकांचा. लाव्हा थिजताना आतल्या वायूचे बुडबुडे अडकले, त्यांची ही भोकं. थेट सह्याद्रीतला कातळ!

उगमच एक आहे, असं भूवैज्ञानिक मानतात. पृथ्वीच्या पोटातला तप्तबिंदू जवळपास जागेवरच राहिला, वरचं कवच सरकत गेलं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी त्यातून दख्खनचं पठार झालं, ८०-९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस. आज तोच शेजारच्या रियुनियन बेटावर धगधगतोय. इथे मात्र सगळं शांत आहे.

उसाच्या शेतांत दगडांचे मोठाले ढीग दिसतात. आधी गुलामांनी आणि १८३४ पासून आलेल्या गिरमिटियांनी, म्हणजे करारावरच्या मजुरांनी, जमीन साफ करताना ते रचले. त्या गिरमिटियांत आपली मराठी माणसंही होती. माझ्या मते या बेटावरचं सर्वांत मोठं स्मारक हेच.

नवीन येणाऱ्यांनी चांगली पकड असलेले बूट आणावेत. पावसात हा कातळ फार निसरडा होतो. काम, राहणं, भटकंती, काहीही विचारा, सांगतो.