अंगावरून पांढरे जाणे : स्वाभाविक कोणते, रोग कोणता?



पाचवी ते सातवीच्या वर्गांतील मुलींच्या शरीरात होणाऱ्या एका पालटाविषयी शाळेत सहसा कोणी बोलत नाही. तो म्हणजे योनिमार्गातून येणारा पांढरट स्राव. पहिल्या ऋतुदर्शनापूर्वी साधारणतः सहा महिने ते वर्षभर तो सुरू होतो. मुलगी घाबरते, त्यात ‘धुपणी लागली, हाडे झिजणार’ असे घरी कानी पडले की अधिकच खचते. वस्तुतः या स्रावाने हाडे झिजत नाहीत.

हा स्राव म्हणजे शरीराने स्वतःच्या रक्षणार्थ केलेली योजना होय. त्याबरोबर जुन्या पेशी बाहेर पडतात. वयात आल्यावर योनिमार्गातील उपकारक जंतू दुग्धाम्ल निर्माण करतात व त्यामुळे रोगजंतूंस अटकाव होतो. दोन पाळ्यांच्या मध्यावर स्राव अंड्यातील पांढऱ्या भागासारखा पारदर्शक व चिकट होतो. कपड्यावर वाळल्यावर पिवळसर डागही दिसतो. हे सर्व स्वाभाविक आहे.

मात्र स्राव दह्याच्या चोथ्यासारखा असून खाज सुटणे, त्यास हिरवट रंग वा दुर्गंधी येणे, पाळी नसताना रक्त मिसळणे, ओटीपोट दुखणे, ही रोगाची लक्षणे होत. अशा वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे.

स्वाभाविक गोष्टीचे भय बाळगणे ही एक चूक; रोग मुकाट्याने सोसणे ही दुसरी. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची पाहणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांत स्त्रीरोग आढळले. पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र अवघ्या ८ टक्के होत्या.

नित्याची काळजी सोपी आहे. बाहेरील भाग रोज साध्या पाण्याने धुवावा; आत साबण वा जंतुनाशक वापरू नये, त्याने उपकारक जंतूंची हानी होते. शौचानंतर पुढून मागे धुवावे. चंदगडच्या पावसाळ्यात कपडे दिवसेंदिवस वाळत नाहीत आणि ओलसर अंतर्वस्त्रांमुळे बुरशीजन्य विकार बळावतात. म्हणून ती लाजेने इतर कपड्यांखाली न दडपता मोकळ्या हवेत, ऊन पडताच उन्हात, वाळवावीत.

ही माहिती शिक्षिकांनी मुलींस स्वतंत्रपणे द्यावी; शिक्षिका नसल्यास आशा सेविकेस बोलवावे. माता-पालक सभेतही हा विषय घ्यावा. मुलीने विश्वासाने विचारलेल्या शंकेची वाच्यता वर्गात होऊ नये, एवढी दक्षता सर्वांनी घ्यावी.